न मोजलेल्यांची तहान

मे महिन्यात शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर फिरून पाहावे. विहिरीभोवती हंडे, कळश्या, तेलाचे रिकामे डबे रांगेने मांडलेले असतात. टँकर येतो, विहिरीत पाणी सोडतो आणि ते गढूळ पाणी निवळण्यापूर्वीच उपसून संपते. याच तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. मुंबईची तहान भागवणाऱ्या, माणूस आत उभा राहील एवढ्या जलवाहिन्या याच मुलखातून जातात. आणि त्यांच्या एखाद्या गळक्या झडपेखाली हंडा लावून इथली बाई तासन्‌तास बसते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही इथे म्हण उरलेली नाही, तो दिनक्रम झाला आहे. लोकसंख्येच्या प्रश्नाचे आजचे रूप पाहायचे असेल, तर ते या झडपेखाली पाहावे.

१९५१ साली ३६ कोटी असलेला हा देश २०११ मध्ये १२१ कोटींवर पोहोचला आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार एप्रिल २०२३ मध्ये त्याने चीनलाही मागे टाकले. जगातील सुमारे १८ टक्के माणसे आपल्याकडे. भूमी अवघी २.४ टक्के आणि गोडे पाणी ४ टक्के. १९५१ मध्ये प्रत्येक भारतीयाच्या वाट्याला वर्षाकाठी ५,१७७ घनमीटर पाणी येत होते. २०११ मध्ये ते १,५४५ घनमीटरवर आले. १,७०० च्या खाली जलताण आणि १,००० च्या खाली जलटंचाई, अशी ही उतरंड आहे. पहिली पायरी आपण केव्हाच उतरलो आहोत.

जननदर घटला, आता चिंता कशाची, असे समाधान अलीकडे मोठ्या सुखाने मांडले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये देशाचा एकूण जननदर २.० आणि महाराष्ट्राचा १.७ होता, हे खरे आहे. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडून समाजाचा रोष पत्करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्या महाराष्ट्राने हा टप्पा गाठला, याचा अभिमानही रास्त आहे. परंतु कालच्या पिढीत जन्मलेली कोट्यवधी मुले आज तरुण आहेत. त्यांची घरे अजून उभी राहायची आहेत, त्यांचे संसार अजून मांडायचे आहेत. म्हणूनच जननदर उतरूनही देशाची लोकसंख्या २०६० च्या दशकापर्यंत वाढतच राहील आणि १७० कोटींच्या आसपास जाईल, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. पाळणा लांबला, म्हणून गर्दी ओसरली असे होत नाही.

ही गर्दी कोठे जाते, याचा माग शेतापासून काढावा लागतो. १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रातील शेतकऱ्याची सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या होत गेल्या, बांध वाढले आणि शिवार आटले. ज्या तुकड्यावर एक संसार चालत नाही त्यावर तीन भाऊ कसे जगणार? मग एक ऊसतोडीला जातो, एक पुण्याला आणि एक कल्याणच्या पुढे चाळीत खोली घेतो. २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या घटली आणि ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढून १ कोटी १० लाखांवर गेली. १९९१ मध्ये पावणेदोन लाखांचे असलेले मीरा-भाईंदर वीस वर्षांत आठ लाखांवर पोहोचले. महानगराने आपला भार स्वतःच्या परिघावर ढकलला. त्या परिघाला मात्र ना पुरेसे पाणी दिले, ना रूळ, ना रुग्णालये.

त्याची किंमत आता मृतांच्या यादीत मोजावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला इमारतीचा भाग कोसळला आणि १७ जीव गेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर भरगच्च लोकलच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर फेकले गेले. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढले आणि हजारभर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. या घटनांना अपघात म्हणणे ही प्रशासनाची सोय आहे. खाजण बुजवून, नदीचा पूरपट्टा भरून, कांदळवन तोडून जेथे वस्ती वसवली जाते, तेथे पाणी आपली जुनी वाट शोधत येणारच. आणि ज्याला सुरक्षित घर परवडत नाही, तो त्याच वाटेवर संसार मांडणार.

तहान वाढली की आपल्या नियोजनकारांना एकच उत्तर सुचते : आणखी एक धरण. वाडा तालुक्यातील नियोजित गारगाई प्रकल्पात तानसा अभयारण्याचे जंगल आणि आदिवासींची गावे पाण्याखाली जायची आहेत. जंगल बुडाले की पाणी धरून ठेवणारी माती सुटते आणि पाड्यांवरचे झरे आटतात. झरे आटले की पाडा रिकामा होतो आणि विस्थापित कुटुंब वीटभट्टीमार्गे त्याच महानगराच्या कडेला येऊन पोहोचते. तेथे त्याला पाणी हवे असते. त्या पाण्यासाठी पुढचे धरण! हे चक्र थांबले नाही, तर सह्याद्रीच्या दऱ्या संपतील आणि तहान मात्र शिल्लक राहील.

इतके असूनही राज्यकर्त्यांना नेमकी किती माणसे सांभाळायची आहेत, याची मोजदाद नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही. नवी जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भदिनांकाची. म्हणजे तब्बल सोळा वर्षे शिधा, शाळा, पाणी, बस, खाटा हे सारे २०११ च्या आकड्यांवर रेटले गेले. या काळात जो चाळीत आला, ज्याला तिथे मूल झाले, तो शासनाच्या कागदावर अजून जन्मलेलाच नाही. जे मोजले जात नाहीत त्यांच्या वाट्याला तरतूद येत नाही, आणि तरतूद नसलेली गर्दी टँकरमालक, चाळमाफिया व झोपडपट्टीदादा यांच्या हवाली होते.

लोकसंख्या कमी राहिली तर आपल्या राज्याच्या संसदेतील जागा घटतील, या भीतीने कोणी अधिक मुले जन्माला घालण्याचे आवाहन करतो. कोणी लोकसंख्यावाढीचे खापर एखाद्या समाजावर फोडतो. मुले मते म्हणून मोजणाऱ्यांनी त्यांच्या दुधाचा, दप्तराचा, पाण्याचा हिशेब मांडल्याचे ऐकिवात नाही. सक्तीचा मार्गही या देशाने भोगला आहे. १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, आणि त्या धाकाने पुरुष या जबाबदारीपासून कायमचा दूर गेला. २०१९-२१ च्या त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के, तर पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के होते. महाराष्ट्रात त्या पाहणीतही विशीतल्या सुमारे पाचातील एका तरुणीचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी लागलेले आढळले. मुलीची शाळा दहावीपुढे टिकली नाही, तर लोकसंख्येची सारी धोरणे व्यर्थ आहेत.

म्हणून मागणी स्पष्ट आहे. जेथे पाण्याची हमी नाही, तेथे एकाही नव्या इमारतीला परवानगी देऊ नये. धरणाच्या पाण्यावर पहिला हक्क धरणाकाठच्या गावांचा मानावा. मराठवाडा-विदर्भातील तालुक्याच्या गावी रोजगार, महाविद्यालय आणि रुग्णालय पोहोचवावे, म्हणजे स्थलांतर ही एकमेव वाट उरणार नाही. आणि येती मोजणी शेवटच्या चाळीपर्यंत, शेवटच्या पाड्यापर्यंत प्रामाणिकपणे व्हावी.

जनगणनेच्या प्रश्नावलीत एक प्रश्न असतो : घरात पिण्याचे पाणी कोठून येते? शहापूरच्या पाड्यावरची ती बाई प्रगणकाला त्या गळक्या झडपेकडे बोट दाखवील. प्रगणक ते टिपून घेईल. त्याचे काम तेथे संपते. ती झडप एक दिवस दुरुस्त होईल, तेव्हा त्या बाईने पाणी कोठून आणायचे, याचे उत्तर मंत्रालयाने आजच द्यायला हवे.