पाला म्हणजे कचरा नव्हे

मंडळी, फाल्गुन लागला की आमच्या जव्हारात दोन गोष्टी ठरलेल्या. झाडे पाने टाकू लागतात आणि संध्याकाळी अंगणाअंगणातून धूर निघू लागतो. अंगण झाडायचे, ढीग करायचा, काडी लावायची. वर म्हणायचे, "किती कचरा करतात हो ही झाडे!"

कचरा? मला या शब्दाचाच राग येतो. पण आधी स्वतःची चूक सांगतो.

शाळेत असताना मैदानावरचा पाला मुलांकडून गोळा करून मी पेटवून देत असे. त्याला आम्ही श्रमदान म्हणायचो! अशाच एका आठवड्यात मोखाड्याकडच्या पाड्यावरचा एक मुलगा चार दिवस गैरहजर. विचारले तर म्हणाला, "गुरुजी, राबाला टहाळ तोडायला गेलो होतो." शहरातल्या नातेवाइकांसाठी सांगतो, ऐनासारख्या झाडांच्या फांद्या तोडून वाळवायच्या, शेण, पाला, गवत आणि माती थरांनी अंथरून भाजायची आणि त्या जागेवर पावसाळ्यात भाताची, नागलीची रोपे करायची, याला राब म्हणतात. पोरगा जिवावर उदार होऊन झाडावर चढत होता आणि मी गोणीगोणीने पाला जाळत होतो. वर त्यालाच रागावलो. आज आठवले की लाज वाटते.

आता कोणी म्हणेल, राब तरी जाळतातच ना? जाळतात. पण त्यातून रोप उभे राहते. आपल्या ढिगातून खोकल्याशिवाय काय मिळते? शिवाय कुजवलेला पाला आणि शेणखत घालून न भाजताही रोपे होतात. मग झाडांच्या फांद्याही वाचतात.

कायद्याचेही ऐका. 2016 च्या घनकचरा नियमांनी बागेतला पाला वेगळा ठेवायला सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला 25,000 रुपये दंड ठरवला.

माझा अमेरिकेतला पुतण्या पानगळीत पाने कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवतो, गाडी येऊन नेते. आमचे शेजारी म्हणतात, आपल्याकडेही अशी गाडी हवी. जरूर हवी, फाल्गुन ते वैशाख! पण ती कचरा डेपोवर नको, शेताच्या बांधावर जायला हवी. पुण्यात 2016 साली अदिती देवधर यांनी ब्राउन लीफ हा उपक्रम सुरू केला. ज्याच्याकडे पाला जास्त, त्याने तो हवा असेल त्याला द्यायचा. गच्चीवर बाग करणारे पुणेकर पाला मागून नेतात आणि आम्ही राबाच्या मुलखात राहून तो जाळतो! मोखाड्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे झाडाच्या बुंध्याशी पाल्याचा थर घातला तर ओल टिकते, हे काय पुणेकरांनी सांगायचे?

असो. गाडी येईल तेव्हा येईल. मी फणसाखाली विटांचे कुंपण करून पाला साठवतो. अधूनमधून शेणकाला शिंपडतो, बाकीचे काम पावसाळा करतो. उरलेला गोण्यांत भरून ठेवतो. दूध घालायला येणारा नेतो आणि जाताना आणखी आहे का विचारतो.

तुमच्या दारचा पाला कोण नेईल, एकदा विचारून तर पाहा. काडीपेटी तोवर देवघरात असू द्या.