किल्ली कोणाच्या हाती?

शेंदुरसनी हे आर्णी तालुक्यातले जेमतेम दीड हजार वस्तीचे गाव. २०२५ च्या अखेरीस या गावाच्या ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत (वही म्हणायचे ते केवळ सवयीने, ही नोंद आता संगणकावर होते) अवघ्या तीन महिन्यांत २७ हजारांहून अधिक जन्म नोंदले गेल्याचे उघडकीस आले. कार्यालयाचे कुलूप फुटले नव्हते की कपाट उचकटले गेले नव्हते. ग्रामपंचायतीला मिळालेल्या संगणकीय ओळखीचा गैरवापर करून या नोंदी झाल्या. गुन्हा दाखल झाला. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. परंतु यवतमाळच्या वाटेवर महागावकरांना जे आर्णी लागते, तिथल्या या प्रकाराकडे शेजारची नवलकथा म्हणून पाहणे परवडणारे नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने, त्या दिवसानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेशापासून मतदारयादी आणि पारपत्रापर्यंत जन्मदाखला हाच जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा ठरवला आहे. त्या दाखल्याच्या उगमालाच भगदाड पडले, तर पुढच्या साऱ्या कागदांना काय किंमत उरते?

संगणकाला धोका म्हटला की अजूनही अनेकांना केवळ ‘व्हायरस’ आठवतो. एके काळी ते खरेही होते. फ्लॉपीतून एका संगणकातला रोग दुसऱ्यात जाई आणि त्यावर उतारा शोधणाऱ्यांत पुण्याचे कैलास व संजय काटकर हे बंधू होते. कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानापासून सुरुवात करून कैलास काटकरांनी उभारलेले ‘क्विक हील’ घराघरांत पोचले, ही मराठी माणसाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. पण उतारा रोगावर चालतो. घराची किल्लीच चोराच्या हाती गेली, तर बिचारा उतारा काय करणार? आजचा चोर बहुधा किल्ली मिळवतो आणि मालक म्हणून राजरोस आत शिरतो.

१९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर २०१८ साली पडलेला दरोडा हा त्याचाच मोठ्या प्रमाणावरचा मासला होता. ११ ऑगस्ट, दुसरा शनिवार, बँकेला सुटी. एटीएममध्ये कार्ड घातले की यंत्र बँकेच्या मध्यवर्ती यंत्रणेला विचारते, ‘पैसे द्यायचे काय?’ खात्यात शिल्लक आहे किंवा नाही, हे पाहून उत्तर येते. चोरांनी या दोहोंच्या मध्ये आपला तोतया उत्तरदाता बसवला. तो प्रत्येकाला ‘द्या’ म्हणत सुटला आणि खऱ्या यंत्रणेपर्यंत प्रश्न पोचलाच नाही. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये, देशातून आणखी अडीच कोटी आणि सोमवारी, १३ तारखेला, हाँगकाँगच्या एका खात्यात १३ कोटी ९२ लाख, असे एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. खातेदारांच्या शिलकीला हात लागला नाही. फटका बँकेला बसला. २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. मात्र संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने या दरोड्याचा माग उत्तर कोरियापर्यंत लावला होता. म्हणजे येथे हाती लागली ती प्यादी.

तोतयांची आणि फितुरीची ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. शिवछत्रपतींच्या गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तीन अधिकारी समान दर्जाचे असत, असे सभासदाची बखर सांगते. एक जण फितला तरी गड जाऊ नये, ही त्यामागची योजना. एकाने नोंद करावी, दुसऱ्याने ती तपासून मंजूर करावी, हा आजच्या बँकांचा दंडक याच तत्त्वावर उभा आहे. आणि तालुक्याच्या ठिकाणी काय दिसते? अधिकाऱ्याचा पासवर्ड संगणकाच्या पडद्यालाच चिकटवलेला; साहेब दौऱ्यावर, म्हणून त्यांच्या नावाने मंजुरी देणारा कंत्राटी पोऱ्या; विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली, तरी त्याच यंत्रावर चाललेली पतसंस्था. याला साधनांची कमतरता म्हणता येणार नाही. ही निव्वळ अनास्था आहे.

महागावच्या कापूस उत्पादकालाही आता यातून सुटका नाही. २०२५ च्या हंगामापासून भारतीय कपास निगमला हमीभावाने कापूस द्यायचा तर ‘कपास किसान’ या मोबाइल ॲपवर नोंदणी करणे आले. ज्याला ती जमत नाही, तो दुसऱ्याच्या हाती मोबाइल देतो आणि आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवतो. सुशिक्षित मुलगा-सून घरी असताना बापावर ही वेळ का यावी, हा प्रश्न घराघराने स्वतःला विचारावा. व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ नावाची फाइल तर याहून घातक. लग्नपत्रिका किंवा पीएम-किसानची यादी असे तिचे सोंग असते. ती उघडून मागितलेल्या परवानग्या दिल्या की मोबाइलवर येणारा प्रत्येक संदेश चोरालाही दिसू लागतो. मग ओटीपी कोणी विचारायचीही गरज उरत नाही. अशी फाइल काकांच्या किंवा शिक्षकांच्या क्रमांकावरून आली, तरी आधी त्यांना फोन करावा. बहुधा त्यांचा मोबाइलही याच मार्गाने गेलेला असतो.

अंगठ्याच्या ठशावर खात्यातून पैसे काढता येतात, म्हणून आधारचे ठसे कुलूपबंद करण्याची सोय आहे. ती वापरावी, रेशन दुकानात अंगठा देण्यापूर्वी तेवढ्यापुरते कुलूप उघडावे लागते. संस्थांनी रोजच्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क यंत्रापासून काढून ठेवावी, कारण जोडून ठेवलेली प्रतही खंडणीखोर प्रोग्रॅम गिळतो. जून २०१७ मध्ये संगणकीय हल्ल्याने जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते, तिथे पतसंस्थेची काय कथा!

आणि एवढे करूनही पैसे गेलेच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवत असतो. ती काढून घेतली जाण्यापूर्वी खबर पोचली, तरच बँकांना ती गोठवता येते. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून फोन करावा आणि त्यानंतर आपल्या बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.