विमान हवाई दलाचे, सॉफ्टवेअर कंपनीचे

लढाऊ विमानाचा एखादा इलेक्ट्रॉनिक भाग नादुरुस्त झाला की दुरुस्ती केंद्रात तो प्रथम स्वयंचलित चाचणी यंत्राला जोडला जातो. त्या भागासाठी स्वतंत्रपणे तयार केलेले सॉफ्टवेअर दोष नेमका कोठे आहे, हे सांगते. हे सॉफ्टवेअर हाती नसेल किंवा त्यात बदल करण्याचा अधिकार नसेल, तर कुशल तंत्रज्ञ असूनही सरकारी केंद्राचा निरुपाय होतो. अमेरिकेच्या एफ-३५ विमानाबाबत हाच प्रश्न ऐरणीवर आला आहे.

या विमानाच्या देखभालीची सूत्रे प्रारंभापासून लॉकहीड मार्टिन या उत्पादक कंपनीकडे राहिली. गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसच्या सप्टेंबर २०२३ मधील अहवालानुसार, त्या वर्षीच्या मार्चमध्ये मोहिमेस सज्ज विमानांचे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते आणि दहा हजारांहून अधिक सुटे भाग दुरुस्तीच्या प्रतीक्षेत होते. याला सुट्या भागांच्या टंचाईसह अनेक कारणे होती. मात्र सरकारी दुरुस्ती केंद्रांची रखडलेली उभारणी आणि तांत्रिक माहितीचा अभाव ही त्यांतील प्रमुख होत. तत्पूर्वी २०२२ च्या संरक्षण कायद्याने देखभालीची जबाबदारी संयुक्त प्रकल्प कार्यालयाकडून हवाई दल व नौदलाकडे सोपविण्यासाठी ऑक्टोबर २०२७ ची मुदत घातली होती.

तथापि, कागदोपत्री हस्तांतर सोपे, प्रत्यक्षात अवघड. सॉफ्टवेअरची तयार प्रत मिळाली म्हणजे ताबा मिळाला, असे होत नाही. मूळ सोर्स कोड, त्यातील प्रत्येक बदलाची नोंद आणि तो समजणारे अभियंतेही लागतात. शिवाय विमानातील भागाची रचना बदलली की चाचणीही बदलावी लागते. रचना कंपनीच्या आणि चाचणी हवाई दलाच्या हाती असेल, तर ती माहिती वेळेवर पोहोचणे अत्यावश्यक ठरते. चाचणीने चांगला भाग सदोष ठरविला तर पैसा वाया जातो. सदोष भाग चांगला ठरविला तर वैमानिकाच्या जिवाशी गाठ पडते. अशा चुकीला उत्तरदायी कोण, हे हस्तांतरापूर्वीच निश्चित व्हायला हवे.

बौद्धिक संपदेच्या रक्षणाचा कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच गैरलागू नाही. परंतु हे हक्क खरेदीच्या वेळीच, स्पर्धा असताना, माफक किमतीत मिळू शकतात. नंतर विक्रेता एकच उरतो. नाशिकजवळ ओझर येथे सुखोई-३० विमानांची संपूर्ण दुरुस्ती करणाऱ्या आपल्या देशानेही पुढील विमान खरेदीचे करार करताना हा धडा गिरवायला हवा.