आगोटीचा डबा

मे महिन्यात मुंबईची मंडळी ओट्यावर बसली की एक वाक्य ठरलेले असते, "तुमचे बरे आहे, वालावलात खर्च तो काय!" खोटे नाही ते. घरभाडे नाही, पाणी विहिरीचे, नारळ दारचा, अधूनमधून कर्लीचे मासे. वाण्याचे सामान, गॅस, वीज, मोबाइल, कुडाळला जाण्यायेण्याचे पेट्रोल आणि मुलांची शिकवणी धरून आमच्या सहा माणसांच्या घराला महिन्याला १४ हजार पुरतात. पनवेलला राहणाऱ्या दिरांचे तेवढे घरभाडेच जाते.

पण हा हिशेब जानेवारीचा. मेचा नव्हे.

पावसाआधी आगोट भरावी लागते. उकडे तांदूळ, मसाल्याच्या मिरच्या, सोलं, सुका बांगडा, जवळा, लाकूडफाटा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद, त्यामुळे सुक्या मासळीवाचून भागत नाही. कौले शाकारायची, गड्यांची मजुरी द्यायची. जूनच्या मध्यावर शाळा, म्हणजे वह्या, गणवेश, रेनकोट. त्यात बकरी ईद. चांद्र वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून ईद दर वर्षी तेवढी अलीकडे येते. २०२४ मध्ये ती १७ जूनला होती, २०२५ मध्ये ७ जूनला. दोन्ही वेळा खर्चाच्या ऐन तोंडावर.

२०२५ ला तर पाऊसही थांबला नाही. मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत पोहोचला, आणि त्याआधीचे काही दिवसही कोरडे नव्हते. अंगणातली सोलं अर्धी सुकलेली असताना बुरशीने गेली. शाकारणी अर्ध्यावर, गडी मिळेनात, सुकी मासळी महाग. बकऱ्याचे पैसे आम्ही कौलांवर घातले आणि मग ईदसाठी हातातल्या बांगड्या कुडाळला गहाण ठेवल्या. सहा महिन्यांनी सोडवल्या. व्याज किती भरले ते अम्मींना अजून सांगितलेले नाही.

खरे तर तशी गरज नव्हती. आपल्या कोकणात बहुतेक घरे शाफई. या मसलकात कुर्बानी सुन्नते मुअक्कदा आहे, आणि घरामागे एक पुरते. ऐपत नसताना व्याज भरून ती करा, असे कोणी सांगितले नव्हते. "लोक काय म्हणतील" हे मात्र आमचे आम्हीच म्हटले होते.

त्यानंतर आम्ही महिन्याचा हिशेब सोडला आणि वर्षाचा धरला. कुरआनातली सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. आमच्या वहीत मात्र तोवर फक्त वाण्याची उधारी होती. आता पहिल्या पानावर बारा महिने आहेत आणि प्रत्येकासमोर त्या वर्षीचे चांद: रमजान कुठे, बकरी ईद कुठे. मे आणि जूनचा जादा खर्च मांडला तेव्हा आकडा २७ हजारांवर गेला. बाराने भागला तर महिन्याला सव्वादोन हजार. भीती वाटावी असा तो आकडा राहिला नाही, पण रोख पगारातून तेवढेही निघत नाहीत. म्हणून काजूची बी विकली की त्या पैशांतला तिसरा हिस्सा बिस्किटांच्या डब्यात. शिवाय वाडीतल्या आठ जणींची भिशी आहे. तिच्यात व्याज नाही, आणि आम्ही चिठ्ठी न टाकता मेची पाळी मागून घेतली. एकीने तोंड वाकडे केले, कारण तिच्याही घराचे छप्पर गळते. तिला एप्रिल दिला.

पुढची वर्षे थोडी सोपी दिसतात. २०२९ ला बकरी ईद एप्रिलच्या अखेरीस येईल, म्हणजे काजूचे पैसे हातात असताना. तोवर डबा हवा.

यंदाची पहिली बी विकून घरी आलो, तर अम्मी ओट्यावरच बसल्या होत्या. पाण्याचा तांब्या पुढे करत म्हणाल्या, "आधी डब्यात टाका. आणि बांगड्यांचे काय झाले होते, तेही एकदा सांगून टाका."