सहल ठरवण्याआधी तिथी बघा!

मैत्रिणींनो, मुलांना पाणी बघायचं असतं आणि आपल्याला जुहूची गर्दी नको असते. आम्ही मुलुंडकरांनी त्यावर तोड काढली आहे. ऐरोलीचा पूल ओलांडला की किनारी व सागरी जैवविविधता केंद्र लागतं, २०१७ साली सुरू झालेलं. तिथून होडीतून ठाणे खाडीतले रोहित पक्षी (फ्लेमिंगो) दिसतात. साधारण नोव्हेंबर ते मे हा त्यांचा मोसम.

पहिल्या खेपेला मी पहाटे चारला उठून पुऱ्या, बटाट्याची भाजी, शिरा असा घाट घातला. चौकशी मात्र केलीच नाही. पोचलो तर ओहोटी! चिखलातून होडी थोडीच चालते? धाकटी रडकुंडीला आली. कोकणातल्या माझ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, “अगं, तिथी नाही का पाहिलीस?”

त्यांचा हिशेब सोपा. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत आत थोडी उशिरा. हा झाला अंदाज. होडीची वेळ आधी विचारून जागा राखून ठेवा. टोपी आणि पाणी विसरू नका.

दुसऱ्या खेपेला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आदल्या रात्रीच केली. काकड्या ह्यांनी चिरल्या. होडीत मी डबे सांभाळत नव्हते, काठावर बसले होते. समोर गुलाबी थवा उठला आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

सहल घराची असते. आणि घरात आपणही आलो, नाही का?