संशय आधी कुणावर?

घराची किल्ली कुणाकुणाकडे आहे, हे आपल्याला नेमकं ठाऊक असतं. एक आपल्याकडे, एक ह्यांच्याकडे, एक शेजारच्या काकूंकडे. पण ऑफिसच्या ई-मेलचा पासवर्ड किती यंत्रांत जाऊन बसलाय, असं विचारलं तर भल्याभल्यांची पंचाईत होते.

मी ज्या समुपदेशन केंद्रात काम करते, तिथे मध्यंतरी हेच झालं. मेल सर्व्हर बघणारा मुलगा म्हणाला, "ताई, केंद्राच्या खात्याला कुणीतरी बाहेरून जोडतंय. रात्री दोनलासुद्धा." आमच्या मेलमध्ये काय असतं? मारहाणीच्या तक्रारी, माहेरचे पत्ते, लपून राहिलेल्या बाईचा फोन नंबर. भलत्याच्या हाती पडलं तर जिवावर बेतायचं. सगळ्यांच्या पोटात गोळा आला, आणि दोन मिनिटांत एक नाव पुढे आलं. बाळंतपणासाठी नोकरी सोडून गेलेल्या टायपिस्ट मुलीचं! का, तर तिला पासवर्ड ठाऊक होता. अहो, तो तर आम्हा पाचजणींनाही ठाऊक होता.

मी म्हटलं, आधी सर्व्हरच्या नोंदी बघू, मग तिला फोन करू. जोडणी दर पंधरा मिनिटांनी, घड्याळ लावल्यासारखी होत होती. असं माणूस करत नाही, यंत्र करतं. त्याच आयपी पत्त्यावरून आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्तीचं स्वतःचं खातंही उघडलेलं दिसलं. त्यांनी जुना फोन नातवाला खेळायला दिला होता आणि केंद्राचं खातं त्यातच राहिलं होतं. फोन आपला इमानेइतबारे मेल आणत होता!

फोनमधला मेल प्रोग्राम पासवर्ड साठवून ठेवतो आणि कुणी हात लावला नाही तरी स्वतःहून सर्व्हरला जोडत राहतो. पासवर्ड बदलला तरी जुनं यंत्र जुन्याच पासवर्डाने दार ठोठावत राहतं. मोबाइलच्या इंटरनेटवर आयपी पत्ताही बदलत असतो. म्हणून अनोळखी पत्ता दिसला की चोर सापडला, असं होत नाही.

पण आपल्याकडे संशयाला उतार लागतो तो नेहमी खालच्या बाजूला. कमी पगाराची, नोकरी सोडून गेलेली, उत्तर द्यायला समोर नसलेली बाई आधी दिसते. मशीनच्या नोंदी वाचायला अर्धा तास लागतो. पण गेलेली अब्रू परत मिळवायला त्या मुलीला किती वर्षं लागली असती?

म्हणजे भरवसा ठेवून झोपा, असं मी म्हणत नाही. चुकीच्या पासवर्डांची रांग लागून एकदम दार उघडलेलं दिसलं, तर ती घुसखोरी असू शकते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अशा वेळी नोंदी पुसू नका, जपून ठेवा.

एरवीची पथ्यं सोपी आहेत. प्रत्येकीला स्वतंत्र खातं द्या. कुणी काम सोडलं की त्याच दिवशी तिचं खातं बंद करा. सामायिक खातं असलंच, तर सगळ्या यंत्रांवरून लॉगआउट करून पासवर्ड बदला. मेल परस्पर दुसरीकडे पाठवण्याची सोय कुणी लावून ठेवलीय का, तेही बघा, कारण पासवर्ड बदलूनही ती चालूच राहू शकते. जुना फोन देण्याआधी पूर्ण रिकामा करा.

मैत्रिणींनो, पाचजणींत एक पासवर्ड म्हणजे आपलेपणा, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात त्यामुळे चोर सापडत नाही आणि निर्दोष बाईला निर्दोष ठरवताही येत नाही. स्वतंत्र किल्ली मागणं हा अविश्वास नव्हे, ते आपल्याच नावाला दिलेलं संरक्षण आहे. सोमवारी ऑफिसात गेलात की एवढं जरूर विचारा, "आपली किल्ली नक्की कुठेकुठे आहे हो?"