खिडकीचा पडदा आणि घरातला उजेड

दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत किंवा घरातील मंगलकार्याच्या निमित्ताने पडदे बदलण्याचा विचार बहुतेक कुटुंबांत होतो. अशा वेळी आधी रंग पाहिला जातो, मग किंमत; उजेडाचा विचार मात्र शेवटी होतो. ज्या घरी चौविहाराचा नियम आहे, तेथे ही बाब केवळ शोभेची राहत नाही. मार्गशीर्ष-पौषात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. भोजनाच्या जागेची खिडकी जाड पडद्याने निम्मी झाकलेली असेल, तर सूर्य आकाशात असतानाच दिवा लावावा लागतो. मग सूर्यप्रकाशात, ताटातले नीट पाहून जेवण्याचा मूळ हेतूच उणा पडतो.

यावरील उपाय खर्चाचा नसून मापाचा आहे. दांडी खिडकीच्या रुंदीएवढीच घेतली, तर पडदा सारल्यावरही त्याच्या चुण्या काचेवरच राहतात. दांडी दोन्ही बाजूंस 9 इंच पुढे न्यावी. मग सारलेला पडदा भिंतीवर विसावतो आणि खिडकी पूर्ण मोकळी होते. चौकटीच्या वर 4 ते 6 इंच दांडी बसवल्यास खोली उंच भासते.

कापडाचा हिशेबही आधी मांडावा. 4 फूट रुंद खिडकीला साडेपाच फुटांची दांडी लागते. चुण्या भरदार पडण्यासाठी कापड दांडीच्या दुपटीहून थोडे अधिक हवे. 48 इंच पन्ह्याचे तीन तुकडे पुरतात. दांडीपासून जमिनीपर्यंत 7 फूट उंची असेल, तर वरच्या-खालच्या दुमडीसह प्रत्येक तुकडा 8 फुटांचा, म्हणजे एकूण सुमारे साडेसात मीटर. तिसरा तुकडा मधोमध उभा कापून दोन्ही पडद्यांना जोडावा. सुती कापड धुतल्यावर आकसते. म्हणून अर्धा मीटर अधिक घ्यावे आणि शिवण्यापूर्वी भिजवून वाळवावे.

कापडाच्या निवडीत अहिंसेचा विचार ओघानेच येतो. रेशमाचा अखंड धागा मिळावा म्हणून कोशातील जीव बाहेर पडण्यापूर्वीच वाफेने किंवा उकळत्या पाण्याने मारला जातो. दिवाणखान्याच्या शोभेसाठी एवढे मोल देण्याचे कारण नाही. सुती सॅटीनलाही सौम्य चकाकी असते. केरळातील कन्नूरचे हातमागावरील गृहसजावटीचे कापड भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तेही उत्तम दिसते. दुकानात ‘सिल्क’ या शब्दावर न थांबता धागा कशाचा आहे, हे स्पष्ट विचारावे. तो शब्द कधी खऱ्या रेशमासाठी, तर कधी केवळ चकाकणाऱ्या पॉलिएस्टरसाठीही वापरला जातो. कापडाचा व्यापार करणाऱ्या घरांना हे सांगणे नको. परंतु स्वतःच्या घरासाठी घेताना हा प्रश्न अनेकदा विचारायचा राहून जातो.

जमिनीवर लोळणारे पडदे चित्रांत भव्य दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्या घड्यांत धूळ साचते, कोळी आणि किडे आसरा घेतात, आणि पडदा ओढताना ते चिरडले जातात. पडद्याची खालची कड जमिनीपासून इंचभर वर ठेवावी. धुण्यास काढण्यापूर्वी घड्या उघडून पाहाव्यात आणि पुंजणीने हलकेच पुंजून घ्याव्यात. जाड पडदे पावसाळ्यात नीट वाळत नाहीत. त्यामुळे ते चातुर्मासापूर्वीच धुऊन टाकणे सोयीचे. जयणेचा अर्थ घरकामात असाच उतरतो.

राहिला रंग. अंधाऱ्या खोलीला फिकट रंग, तर पश्चिमेच्या कडक उन्हाला पांढरे अस्तर हवे. अस्तरामुळे मूळ कापडाचा रंगही लवकर विटत नाही. भोजनाच्या खोलीत शक्यतो पातळ सुती पडदाच असावा. दुकानातील दिव्यांखाली रंग ठरवू नये. आधी नमुन्याचा तुकडा घरी आणावा, सायंकाळच्या भोजनाच्या वेळी तो त्याच खिडकीत धरून पाहावा आणि मगच उरलेले कापड घ्यावे.